ताशी दर येतो कुठून? वाहिनी कार्यक्रमाची किंमत कशी ठरवते

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका लहान निर्मिती संस्थेने सहा भागांच्या माहितीपट मालिकेचं बजेट वाहिनीकडे दिलं. वाहिनीने कळवलं, 'या प्रकारासाठी आमचा ताशी दर ठरलेला आहे.' हिशेब केला तर तो दर बजेटच्या जेमतेम ६० टक्के निघाला. त्याच वाहिनीवर कथामालिकेच्या एका तासाला याच्या कितीतरी पट पैसे मोजले जातात. मग हे दर ठरवतं कोण, कशावरून, आणि उरलेले ४० टक्के आणायचे कुठून?

मी बरीच वर्षं निर्मात्यांच्या बाजूने बजेटं काढली आणि नंतर वाहिनीच्या बाजूला बसून तशीच बजेटं तपासली. दोन्ही खुर्च्यांवर बसून जे समजलं ते सांगते. वाहिनी दर ठरवते तो आपल्या वेळापत्रकातल्या एका जागेचा आणि त्या जागेसाठी ती विकत घेणार असलेल्या हक्कांचा. तुमच्या खर्चाचा विषय त्यानंतर निघतो. बहुतेक निर्माते मात्र खर्चापासून सुरुवात करतात, म्हणून पहिल्याच बैठकीत त्यांना धक्का बसतो.

वाहिनीत वर्षाच्या सुरुवातीला काय होतं ते आधी पाहू. कार्यक्रमांसाठी एकूण रक्कम ठरते. मग आठवड्याच्या वेळापत्रकाचा तक्ता समोर येतो: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्री आठ ते दहा, रात्री उशिरा. प्रत्येक चौकोनात किती प्रेक्षक अपेक्षित आहेत, कोणत्या वयाचे, आणि खासगी वाहिनी असेल तर त्या वेळात जाहिरातीचे किती पैसे येतील, हे मांडलं जातं. सार्वजनिक वाहिनी असेल तर जाहिरातीच्या जागी दुसरे निकष येतात: किती लोकांपर्यंत पोचतो, कोणत्या दुर्लक्षित गटापर्यंत पोचतो, आणि एका प्रेक्षकाच्या एका तासामागे किती खर्च पडतो. तुमचा प्रस्ताव टेबलावर येण्याच्या कितीतरी महिने आधी त्या चौकोनात एक आकडा लिहिलेला असतो. कमिशनिंग एडिटरला, म्हणजे वाहिनीसाठी कार्यक्रम निवडून करून घेणाऱ्या अधिकारी व्यक्तीला, तुमची कल्पना मनापासून आवडली तरी त्या आकड्याच्या फार पुढे जाण्याचा अधिकार तिला नसतो. पुढे जायचं तर दुसऱ्या एखाद्या चौकोनातून पैसे काढावे लागतात आणि त्यासाठी वरच्यांची सही लागते.

जागेची किंमत खर्चापासून किती दूर जाऊ शकते याचं एक उदाहरण या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जानेवारी १९९८ मध्ये अमेरिकेच्या एनबीसीने 'ईआर' ही रुग्णालयावरची मालिका टिकवण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला एका भागामागे सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. त्याआधी हाच दर साधारण २० लाख होता. एका रात्रीत ना सेट महाग झाला होता, ना कॅमेरे. एनबीसीच्या हातून फुटबॉलचे हक्क नुकतेच गेले होते, 'साइनफेल्ड' ही तिची लोकप्रिय विनोदी मालिका त्याच वर्षी संपणार होती, आणि या दोन्ही मालिका जिथे लागत ती गुरुवारची रात्र हातून गेली असती तर वाहिनीचं सगळं गणित कोलमडलं असतं. ते पैसे गुरुवार रात्रीसाठी मोजले गेले.

अशी उदाहरणं विरळा. रोजच्या व्यवहारात दर एका पट्ट्यात फिरतो आणि तो पट्टा कार्यक्रमाच्या प्रकारावरून ठरतो. इथे एक साधं गणित कामाला येतं: दिवसाला पडद्यावरची किती मिनिटं हाती लागतात?

जाहिराती असलेल्या वाहिनीवरच्या तासभराच्या स्लॉटमध्ये कार्यक्रम साधारण ४६ मिनिटांचा असतो असं धरा. घाई न करता, बाहेरच्या लोकेशनवर, एका कॅमेऱ्याने चित्रित होणाऱ्या कथामालिकेत दिवसाला अडीच-तीन मिनिटं मिळतात. म्हणजे एका भागाला १६ ते १८ दिवस. मध्यम दर्जाच्या मालिकेत दिवसाला चार-पाच मिनिटं, म्हणजे दहा-बारा दिवस. रोज चालणाऱ्या मालिकेचे सेट कायमचे उभे असतात, प्रकाशयोजना ठरलेली असते, दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात. तिथे दिवसाला वीस मिनिटं सहज निघतात आणि तासाचं काम अडीच दिवसांत संपतं. प्रश्नमंजूषेत तर गणितच उलटं होतं. स्टुडिओत एका दिवसात तीन-चार भाग चित्रित होतात. युनिट तेवढंच, पण सेटचं भाडं, दिव्यांचं भाडं, प्रेक्षकांची सोय हे सगळं चार भागांत वाटलं जातं.

या दिवसांना युनिटच्या रोजच्या खर्चाने गुणा. कथामालिकेच्या युनिटवर ७०-८० माणसं असतात, माहितीपटाच्या युनिटवर चार-पाच. दरपत्रकातल्या प्रकारांमधला बराचसा फरक इथेच उलगडतो. उरलेला फरक लेखकांच्या आणि कलाकारांच्या मानधनात, एडिटच्या आठवड्यांत, संगीतात आणि जुन्या चित्रफितींच्या हक्कांत असतो.

म्हणून वाहिनीला भेटायला जाताना प्रकाराचं नाव सांगून थांबू नका, वेळापत्रक सांगा. 'माहितीपट' म्हटलं की वाहिनी आपल्या तक्त्यातल्या माहितीपटाच्या रकान्यात बोट ठेवते. त्या एका रकान्यात एकाच खोलीतल्या मुलाखतींवर उभा असलेला कार्यक्रमही येतो आणि तीन देशांत दोन वर्षं चित्रित झालेलाही. दोघांत दहा पटींचं अंतर असू शकतं. बीबीसी आपले दर प्रकारानुसार जाहीर करते तेही 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशा पट्ट्यांत, याचं कारण हेच. पट्ट्याच्या खालच्या टोकाला बसायचं की वरच्या, यावरच खरी चर्चा होते आणि त्या चर्चेत दिवसांचा हिशेब हाच तुमचा एकमेव आधार असतो.

आता हक्कांकडे येते. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे आणि नव्या निर्मात्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

ब्रिटनमध्ये २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं. ही वाहिनी कार्यक्रम स्वतः बनवत नसे, बाहेरच्या संस्थांकडून करून घेत असे. सुरुवातीची पद्धत साधी होती: निर्मात्याने बजेट द्यायचं, वाहिनीने ते तपासून पूर्ण खर्च उचलायचा, वर निर्मितीचं ठरावीक शुल्क द्यायचं आणि बहुतेक हक्क स्वतःकडे ठेवायचे. निर्मात्याला तोटा नव्हता, पण कार्यक्रम संपला की हातात काही उरतही नव्हतं. पुढचं काम मिळेपर्यंत ऑफिसचं भाडं कशातून द्यायचं हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहायचा. २००३ च्या कम्युनिकेशन्स अॅक्टने हे चित्र बदललं. सार्वजनिक सेवा वाहिन्यांनी स्वतंत्र निर्मात्यांकडून काम घेताना कोणते हक्क घेतले जात आहेत हे स्पष्ट करावं आणि हक्कांच्या प्रत्येक गटासाठी किती रक्कम दिली जाते तेही उघड असावं, अशी आचारसंहिता कायद्याने बंधनकारक केली आणि तिच्यावर देखरेख ऑफकॉम या तिथल्या प्रसारण नियामक संस्थेकडे दिली. त्यानंतर तिथली वाहिनी प्रामुख्याने परवाना विकत घेते: इतकी वर्षं, या प्रदेशात, इतकी प्रक्षेपणं. परदेशातली विक्री, फॉरमॅटची (म्हणजे दुसऱ्या देशात तोच कार्यक्रम नव्याने बनवता येईल अशा साच्याची) विक्री आणि इतर हक्क निर्मात्याकडे राहतात आणि त्या उत्पन्नातला वाटा वाहिनीला मिळतो. ब्रिटनमधल्या स्वतंत्र संस्था पुढे जगभर वाढल्या त्या याच हक्कांच्या जोरावर.

'दर' या शब्दाचा अर्थ इथे बदलतो हे लक्षात घ्या. पूर्ण खर्च उचलणारी वाहिनी दर सांगते तेव्हा तो कार्यक्रमाचा भाव असतो. परवाना घेणारी वाहिनी दर सांगते तेव्हा तो तिच्या वाट्याचा भाव असतो, आणि उरलेली रक्कम निर्मात्याने राखलेल्या हक्कांतून उभी करावी असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तुम्हाला मिळालेले ६० टक्के हे यांपैकी कोणते, हा पहिला प्रश्न विचारा. परवान्याचे असतील तर प्रस्ताव वाजवी असू शकतो. ६० टक्के देऊन सगळे हक्क मागत असतील तर तो तुमच्या खिशाला हात घालणारा प्रस्ताव आहे, आणि तसं तोंडावर सांगण्यात काहीही गैर नाही.

अमेरिकेत तुटीवर मालिका बनवण्याची पद्धत फार जुनी आहे. वाहिनी परवाना शुल्क देते, ते निर्मिती खर्चापेक्षा कमी असतं, फरक स्टुडिओ सोसतो. १९७० पासून तिथल्या नियमांनी मोठ्या वाहिन्यांना बाहेरच्या कार्यक्रमांत आर्थिक हिस्सा घ्यायला आणि त्यांच्या पुनर्विक्रीच्या धंद्यात उतरायला बंदी केली होती, ती १९९० च्या दशकात उठली. ती बंदी असेपर्यंत पुढची विक्री आपल्याच हातात राहणार याची स्टुडिओंना खात्री होती: मालिका शंभर भागांच्या आसपास पोचली की ती देशभरातल्या स्थानिक केंद्रांना रोज दाखवण्यासाठी विकता येई आणि आधीची सगळी तूट भरून निघे. बहुतेक मालिका तिथवर पोचत नसत, एखादी पोचे आणि दहांचा खर्च काढून देई. तूट सोसायला मोठी तिजोरी लागते. लहान संस्थेने हा मार्ग कधीही धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्ट्रीमिंग कंपन्या आल्या आणि पुन्हा जुनीच पद्धत मोठ्या आकड्यांनी परत आली: पूर्ण खर्च, वर ठरावीक टक्के नफा, आणि जगभरातले जवळजवळ सगळे हक्क त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी हे फार सुखाचं वाटतं. कार्यक्रम जगभर गाजला तरी तुमच्या खात्यात त्यानंतर काही येत नाही, हे पाचव्या वर्षी जाणवतं. शिवाय आकडा फसवा असतो: पुढच्या विक्रीतून मिळू शकलं असतं त्याची भरपाई त्या टक्क्यांत धरलेली असायला हवी. ती धरली आहे का, हे मागून पाहिल्याशिवाय सही करू नका.

प्रकारांमधले काही बारकावे सांगते, कारण दरपत्रकात ते दिसत नाहीत.

कथामालिकेचा दर बाहेरच्या पैशांवर फार हलतो. ब्रिटनने एप्रिल २०१३ मध्ये महागड्या, उच्च दर्जाच्या टीव्ही निर्मितीसाठी कर सवलत आणली आणि अट घातली की मुख्य निर्मिती खर्च ताशी सरासरी १० लाख पौंड तरी हवा. या एका रेषेमुळे बजेट मांडण्याची पद्धत बदलते. साडेनऊ लाखांत होणारी मालिका दहा लाखांच्या वर नेली तर सवलत मिळते आणि पदरचा खर्च उलट कमी होतो. आठ लाखांतल्या मालिकेला तिथवर ओढणं परवडत नाही, मग तिला सवलतीविना आठ लाखांतच भागवावं लागतं. रेषेच्या अलीकडची मध्यम मालिका अशी दोन्हीकडून अडकते. ज्या देशात कर सवलत किंवा निधी आहे तिथे वाहिनी तो पैसा आपल्या दरातून आधीच वजा करून बोलते. कॅनडात २०१० पासून असलेल्या मीडिया फंडाने यावर चांगला उपाय केला: निधी हवा असेल तर वाहिनीने प्रकारानुसार किमान इतकं परवाना शुल्क द्यायलाच हवं, अशी अट ठेवली. निधीच्या आडून वाहिनीने हात आखडता घेऊ नये, हा त्यामागचा विचार.

निसर्गपटाच्या बाबतीत एका वाहिनीचा दर पुरा पडूच शकत नाही. 'ब्लू प्लॅनेट २' ही २०१७ ची मालिका सात भागांची. तिच्यासाठी चार वर्षांहून जास्त काळ ३९ देशांत १२५ मोहिमा झाल्या. कॅमेरामन तीन आठवडे समुद्रावर थांबतो आणि कधी एकही उपयोगी शॉट हाती लागत नाही, तरी ते तीन आठवडे बजेटमध्ये असतात. म्हणून अशा मालिकेमागे भागीदारांची रांग असते; या मालिकेत बीबीसी अमेरिका, टेन्सेंट, जर्मनीची डब्ल्यूडीआर आणि फ्रान्स टेलिव्हिजन्स होते. प्रत्येकाने आपल्या प्रदेशापुरता भाव दिला. प्राणी कोणतीही भाषा बोलत नाहीत आणि निवेदन बदलता येतं, म्हणून हा प्रकार सगळीकडे विकला जातो आणि म्हणूनच त्याचं बजेट उभं राहू शकतं. एखाद्या देशातल्या राजकारणावरच्या शोधपत्रकारितेला हे भाग्य नाही. ती दुसरीकडे विकली जात नाही, तेव्हा तिथे वाहिनीने पूर्ण खर्च उचलावा लागतो, वर वकिलाकडून तपासणी आणि विमा यांचा खर्चही. चालू घडामोडींच्या दरात वकिलाची रक्कम वेगळी धरली आहे का, हे नेहमी विचारा.

मुलांच्या कार्यक्रमांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. त्यांना खर्च कमी येतो अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. लहान कलाकार असले की त्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा येतात, शूटिंगचे दिवस वाढतात. अॅनिमेशन तर मिनिटागणिक महाग. तरी दर कमी, कारण त्या चौकोनातलं उत्पन्न कमी. ब्रिटनमध्ये २००६ मध्ये ऑफकॉमने चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या पदार्थांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांभोवती दाखवायला बंदी जाहीर केली. निर्णय मुलांच्या हिताचाच होता. पण जाहिरातीचा पैसा गेला आणि त्याबरोबर खासगी वाहिन्यांचा मुलांच्या नव्या कार्यक्रमांतला रसही आटत गेला. पुढे २०१५ पासून बालकार्यक्रमांना खर्चाच्या किमान अटीविना कर सवलत मिळाली आणि २०१९ ते २०२२ या काळात एका सरकारी निधीने निर्मिती खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत मदत केली. ज्या चौकोनाला बाजारात किंमत मिळत नाही त्याला बाहेरून हात द्यावाच लागतो.

खेळांचं इथे फार बोलत नाही, तिथे निर्मिती खर्च किरकोळ आणि हक्कांची बोली सर्वस्व असते.

तासाचीही नीट व्याख्या करून घ्या. जाहिराती नसलेल्या वाहिनीचा 'तास' ५८-५९ मिनिटांचा असतो, जाहिराती असलेल्या ब्रिटिश वाहिनीचा ४६-४८ आणि अमेरिकी वाहिनीचा ४२-४४ मिनिटांचा. ताशी दर तोच सांगितला तरी पहिल्या ठिकाणी तुम्हाला बारा मिनिटं जास्त बनवायची आहेत. दिवसाला चार मिनिटांच्या वेगाने ते तीन दिवस झाले. सहा भागांत १८ दिवस. हे १८ दिवस करारावर सही झाल्यानंतर ज्यांच्या लक्षात आले असे दोन निर्माते मी पाहिले आहेत.

आता माझ्याच हातून झालेली एक चूक सांगते. तीन भागांची इतिहासाची मालिका होती, जुन्या चित्रफितींवर उभी. वाहिनीने शेवटच्या बैठकीत २० टक्के कमी करायला सांगितले. कुणालाही न दुखवता कुठे कापता येईल म्हणून आम्ही चित्रफितींच्या हक्कांवर कात्री चालवली: जगभरासाठी, कायमस्वरूपी असे हक्क घेण्याऐवजी फक्त त्या देशापुरते आणि पाच वर्षांचे घेतले. बजेट बसलं, सगळे खूश. दीड वर्षाने परदेशातल्या एका वाहिनीने मालिका मागितली. तेव्हा १४० क्लिप्सचे हक्क एकेका संग्रहाकडून नव्याने मागायची वेळ आली. काही संग्रहांनी आधीच्या तिप्पट भाव सांगितला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. विक्री बारगळली. म्हणजे जे २० टक्के वाचवले ते आम्ही आमच्याच उरलेल्या हक्कांतून वाचवले होते. कागदावर ते हक्क आमच्याकडे होते, पण विकता येण्यासारखं त्यांत काही उरलं नव्हतं.

त्यामुळे तुमच्या सहा भागांसाठी माझा सल्ला असा. आधी वाहिनीला लेखी विचारा की या दरात कोणते हक्क, किती वर्षं, किती प्रक्षेपणं आणि किती मिनिटं. मग स्वतःच्या बजेटचे दोन भाग करा: ज्या खर्चाशिवाय मालिका पूर्ण होणार नाही तो, आणि ज्या खर्चाशिवाय ती दुसरीकडे विकता येणार नाही तो. परदेशी विक्रीसाठी लागणारे हक्क आणि निवेदनाविना वेगळा ध्वनिपट दुसऱ्या भागात येतात. हा दुसरा भाग घेऊन वितरकाकडे, म्हणजे कार्यक्रम इतर देशांत विकून देणाऱ्या कंपनीकडे जा आणि आगाऊ रक्कम मागा, कारण फायदा त्यालाही होणार आहे. वितरक २० टक्के देईल, एखादी परदेशी वाहिनी आधीच प्रदेशाचे हक्क घेऊन १० टक्के देईल. उरलेल्या १० टक्क्यांसाठी वाहिनीकडेच परत जा, पण पैसे मागू नका. त्याच एकूण रकमेत सहाऐवजी पाच भाग चालतील का विचारा, किंवा दोन भाग एकाच प्रवासात चित्रित करता येतील असं वेळापत्रक मांडा. भाग कमी झाले की एकूण खर्च उतरतो, आणि शेवटच्या भागाचा मजकूर बहुधा इतर भागांत सामावतो.

संशोधनाचे आठवडे आणि एडिटचे आठवडे मात्र कापू नका. कपातीच्या बैठकीत सगळ्यांची नजर याच दोन ओळींवर जाते, कारण तिथे ना गाडी दिसते ना कॅमेरा. वाहिनीच्या बाजूला असताना एडिट आठ आठवड्यांवरून पाचवर आणलेली बजेटं माझ्याकडे यायची, तेव्हा मी ती परत पाठवायचे. पाच आठवड्यांत तासाचा माहितीपट घाईघाईने जुळवता येतो, पण वाहिनीने तो पाहून बदल सुचवले की सहावा, सातवा आणि आठवा आठवडा तुमच्या शुल्कातून जातो. आकस्मिक खर्चासाठी ठेवलेली रक्कमही तशीच जपा. माहितीपटात पाच टक्के, कथामालिकेत दहा टक्के.

हप्त्यांचं वेळापत्रकही दराइतकंच महत्त्वाचं. सहीला, चित्रीकरण सुरू होताना, पहिल्या कटला आणि शेवटची प्रत दिल्यावर असे हप्ते असतात. शेवटचा हप्ता ३० टक्क्यांचा असेल तर तेवढे पैसे तुम्ही काही महिने वाहिनीला उधार दिलेत आणि त्यावरचं व्याज तुमच्या माथी आलं. दर वाढवायला नकार देणारी वाहिनी शेवटचा हप्ता १० टक्क्यांवर आणायला बऱ्याचदा तयार होते, कारण त्याने तिच्या चौकोनातला आकडा हलत नाही. पुढच्या बैठकीत आधी हेच मागा.